खुनी पुन्हा सावत्र आईच

११ एप्रिल

डोंगर पोखरून उंदीर काढणं कशाला म्हणतात ते आज कळलं. तीनशे पानं मी एका म्हाताऱ्या कारखानदाराच्या खुन्यामागे फिरले. पाच जणांवर संशय घेतला, दोनदा भाजी करपवली, आणि शेवटी खुनी कोण? त्याची दुसरी बायको. मुलांची सावत्र आई. हे सांगायला तीनशे पानं कशाला हवीत? चौथ्या पानावर ती बाई ‘ओठांच्या कोपऱ्यातून हसली’ तेव्हाच लेखकाने तिचा निकाल लावला होता. बाकीचे सगळे मोकळेपणाने हसतात, ही तेवढी कोपऱ्यातून.

आणि खून कसा, तर दुधात विष घालून. म्हातारा अर्ध्या मिनिटात गेला. मी अठरा वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे. अर्ध्या मिनिटात गुण देणारं काही माझ्याकडे असतं तर दाराबाहेर रांग लागली असती.

पुस्तकाचं नाव लिहीत नाही. लेखकाला तेवढाही मान नको.

ही डायरी एका औषध कंपनीने फुकट दिलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी आम्लपित्तावरच्या गोळीची जाहिरात आहे. योग्य माणसाच्या हाती पडली म्हणायची.

१२ एप्रिल

मी काही वाचणारी बाई नव्हे. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, यापलीकडे माझं वाचन नाही. पण लग्नाला वर्ष झालं आणि नवरोबांच्या मुलीशी माझं ‘जेवायला ये’ आणि ‘हो’ यापुढे बोलणं गेलेलं नाही. तिला घरात मुंगी म्हणतात. लहानपणी इवलीशी होती म्हणे. आता सोळा वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा चार बोटं उंच. मला ‘काकू’ म्हणते. दुकानातली गिऱ्हाइकंही मला काकूच म्हणतात.

मुंगी दर आठवड्याला वाचनालयातून खुनाची नाही तर भुताची पुस्तकं आणते आणि फ्रीजवर ठेवते. तीच मी उचलते. बोलायला काही विषय तरी मिळेल.

कारण असं की तिच्या मावशीचा मागच्या आठवड्यात फोन आला. शाळा संपली, आता पुढच्या शिक्षणाला पोरीला माझ्याकडे पाठवा, इथे ती मोकळी राहील. मोकळी! इथे काय आम्ही तिला खुंट्याला बांधलंय? नवरोबा म्हणाले, मे महिन्याअखेर तिचं तिने ठरवावं. झालं, हे नामानिराळे. मला कुणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते. मला ती जायला नको आहे. तिच्या खोलीत दिवा दिसला नाही तर हे घर मला परक्याचं वाटेल.

आज जेवताना मी होऊन सांगितलं की ते कारखानदाराचं पुस्तक मी वाचतेय. तिने चटकन वर पाहिलं आणि विचारलं, कुठपर्यंत आलं? मी ऐटीत म्हटलं, संपवलं कालच. ती ‘अच्छा’ म्हणाली आणि ताटात बघत बसली. मला वाटलं होतं, एवढ्या वेगाने वाचलं म्हणून कौतुक होईल.

१५ एप्रिल

वाचनालयाच्या पुस्तकांचे असे हाल करतात का? पुस्तकाची शेवटची सत्तर-ऐंशी पानं मुंगी एका पिवळ्या प्लॅस्टिकच्या क्लिपेत आवळून ठेवते. पंख्याने फडफडतात म्हणून असेल. पण पानांना वळ पडतात त्याचं काय? स्वतःचे केस तर तिने कानापर्यंत कापून टाकलेत, क्लिप लावायला डोक्यावर जागा नाही, मग ही क्लिप घरात आहेच कशाला कोण जाणे. क्लिपेचा एक दातही तुटलाय. कारखानदाराच्या पुस्तकालाही होती. मी काढून आरशापुढच्या डब्यात ठेवली होती, ती परत नव्या पुस्तकाला. आजही काढली, पुसली, डब्यात ठेवली. मी बोलत नाही, पण वस्तू जागच्या जागी ठेवते. त्यातून माणसाने काय ते समजावं.

१९ एप्रिल

भुताचं संपलं. संताप झालाय.

एका बंगल्यात एक माणूस दुसरं लग्न करून बायको आणतो. पहिली बायको मेलेली आहे, पण तिचं भूत जिन्यावर पैंजण वाजवतं, कपाटं उघडतं, नव्या बाईच्या साड्या जमिनीवर टाकतं. शेवटी नवी बाई वेडी होऊन निघून जाते आणि लेखक लिहितो, ‘घराने सुटकेचा निःश्वास टाकला.’ म्हणजे मेलेल्या बाईला घरात राहायची परवानगी आणि जिवंत बाई पाहुणी! त्या नवऱ्याला कुणी काही विचारत नाही. तो दोनशे पानं नुसता खिडकीतून बाहेर बघत असतो. एकदा तरी जिन्यावर जाऊन म्हणावं की बाई गं, तुझ्या साड्या मी कपाटात जपून ठेवल्यात, हिच्याही असू देत. दोघींनाही बरं वाटलं असतं.

आमच्या घरी जिन्याखाली मुंगीच्या आईची एक बंद पेटी आहे. मी तिला कधी हात लावलेला नाही. हे त्या लेखकाला कळलं पाहिजे.

मुंगीने विचारलं, भुताचं वाचलं का. मी म्हटलं, पूर्ण. ती म्हणाली, ‘तुम्हाला मधे थांबता येत नाही का?’ हा काय प्रश्न झाला? मी काय अर्धवट कामं करणारी आहे?

२० एप्रिल

रोज मी तिला दूध नेऊन देते. आज बघितलं, पेला तसाच खिडकीत. परवाही तसाच होता. कारखानदाराचं पुस्तक तिनेच आणलं होतं. सावत्र आई, वर औषधाचं दुकान, वर दूध. काय समजायचं ते मी समजले.

उद्याही दूध देणार. मी काही घाबरत नाही.

२६ एप्रिल

आज तोंडून गेलं ते गेलं.

तिसरं पुस्तक एका बोर्डिंग शाळेचं. श्रीमंत मुलगी नाहीशी होते. शिपाई, संगीतशिक्षक, मैत्रीण, सगळे संशयित. मी मनाशी म्हणत होते की या वेळी तरी नाही, कारण सावत्र आई पहिल्या शंभर पानांत फक्त एकदा येते, तीही मुलीला स्वेटर द्यायला. हुशार लेखक वाटला. काल आठ दिवसांनी क्लिप उपटून शेवट वाचला, तर काय! स्वेटरच्या काठात मुलीला फसवून बोलावायचा पत्ता शिवलेला. म्हणजे बाईने माया केली तर तोही पुरावाच.

रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हाही डोकं ठणकत होतं. मी ताटावरच सुरू केलं. म्हटलं, या लिहिणाऱ्यांना दुसरं कुणी दिसत नाही का, शाळेच्या पुस्तकातही तीच, स्वेटर देणारी, सावत्र आई.

मुंगीने घास खाली ठेवला. ‘मी अजून तिथपर्यंत आले नव्हते,’ म्हणाली, आणि उठून गेली.

चोराच्या उलट्या बोंबा! पुस्तक आठ दिवस घरात आहे. ही पोरगी एका दिवसात अख्खं पुस्तक फस्त करते. मग हेच वाचायचं राहिलं होतं? मला तोंडघशी पाडायला म्हणाली, दुसरं काय. नवरोबांनी भाजी वाढून घेतली.

आता या पुस्तकांच्या वाटेला जायचं नाही. कानाला खडा.

३० एप्रिल

फ्रीजवर चार दिवस एकही पुस्तक नाही. मावशीचा मात्र रोज फोन.

ती पिवळी क्लिप परत घरभर फिरायला नको म्हणून मी दुकानात नेली. काउंटरवर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या उडतात, त्यांना लावलीय. एक दात नसला तरी पकड चांगली आहे. वस्तू कामी आलेली बरी.

४ मे

सकाळी चष्मा घरी विसरले. औषधांच्या नावांची बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं होतं. एवढ्यात मुंगी दुकानात आली. हातात माझा चष्मा. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून आली होती, उन्हात चालत. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात तिची नजर काउंटरवर गेली. बघतच राहिली. मी म्हटलं, अगं बस, पाणी पी. तिने चष्मा चिठ्ठ्यांशेजारी ठेवला आणि वळून गेली. आभार मानायलाही सवड दिली नाही. असं तिऱ्हाइतासारखं वागायचं तर चष्मा आणायचा कशाला?

५ मे

मुंगीने सकाळी जाहीर केलं. मावशीकडे जाणार, बारा तारखेला. आधी कॉलेज बघून येणार आणि पसंत पडलं तर तिथेच.

ती बाहेर गेल्यावर माझा बांध फुटला. नवरोबा कामावर निघाले होते. ते लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही म्हणतात. घरात अडकलेल्यांचं काय? मी म्हटलं, तुमची मुलगी काल दुकानात येऊन एका प्लॅस्टिकच्या क्लिपेकडे बघून तोंड फिरवून गेली, एवढा कसला ताठा?

बुटाची नाडी बांधता बांधता ते थांबले. ‘कुठली क्लिप? पिवळी?’

मग खाली बघतच त्यांनी सांगितलं. क्लिप मुंगीच्या आईची. मुंगीला लहानपणी शेवटचं पान आधी बघायची खोड होती, म्हणून आई पुस्तकाचा शेवट केसातल्या क्लिपेने बंद करून ठेवायची. इथपर्यंतच दोघींनी वाचायचं. मग जेवताना दोघींनी आपापला खुनी सांगायचा, भांडायचं, आणि भांडून झालं की क्लिप काढून शेवट एकत्र वाचायचा. आई गेल्यावर मुंगीने तो खेळ कुणाशी खेळला नाही. त्यांना वाटलं, विसरली.

मी खुर्चीत बसले. तीन पुस्तकं. तिन्हीवर क्लिप, आणि तिन्ही वेळा मी ती उपटून, पुसून, डब्यात! ती विचारत होती कुठपर्यंत आलं, आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगत होते, संपवलं. आणि शाळेच्या पुस्तकाचा शेवट तिने खरंच वाचला नव्हता. आठ दिवस माझ्यासाठी थांबली होती.

‘वर्ष झालं लग्नाला,’ मी म्हटलं. ‘वर्षभरात हे सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?’

ते म्हणाले, विषय निघाला नाही. विषय निघाला नाही! त्या बंगल्यातला खिडकीतून बघणारा नवरा काही लेखकाने मनाने रचलेला नव्हता. त्याच्यावर मी उगाच चिडले. म्हणजे उगाच नाही, पण लेखकावर उगाच.

६ मे

दुकान उघडताच चिठ्ठ्यांची क्लिप काढली. पुसली नाही. आधीच फार पुसून झालीय.

जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात गेले. तिथल्या बाईंना म्हटलं, खुनाचं पुस्तक द्या, पण ज्यात सावत्र आई नसेल असं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, मी शेवट सांगायचा का तुम्हाला? मी म्हटलं, नको नको, शेवट मुळीच नको. शेवटी एक फळबागेचं दिलं. बागेच्या मालकाचा खून, डॉक्टर, माळी, पुतण्या. घरी येऊन बघते तर चौथ्याच पानावर, मुलीची सावत्र आई हजर. नशीबच फुटकं. पण परत गेले नाही. असेल ती असेल.

८ मे

फळबागेचं पुस्तक दोनशे दहाव्या पानापर्यंत वाचलं आणि थांबले. हे लिहायला सोपं आहे. डॉक्टर ओल्या बुटांनी तळघरात उतरतोय आणि खाली कुणीतरी आधीच दिवा लावलेला आहे, अशा जागी थांबायचं म्हणजे शिक्षा. पुढची सगळी पानं पिवळ्या क्लिपेत आवळली. तुटलेल्या दाताशी एक पान सुटतं, तेही आत सारलं. पुस्तक फ्रीजवर ठेवलं.

बोलले काहीच नाही. काय बोलणार? माफी मागायची तर मला ती नीट येत नाही, मधेच माझा आवाज चढतो.

संध्याकाळी पुस्तक फ्रीजवर नव्हतं.

१० मे

आज जेवताना नवरोबा लिफ्टच्या नव्या दोरखंडाबद्दल सांगत होते. मुंगी मधेच म्हणाली, ‘डॉक्टर.’

नवरोबांना वाटलं तिला बरं नाही. मी म्हटलं, ‘माळी. डॉक्टर खुनी असता तर बूट पुसून उतरला असता.’ ती म्हणाली, माळ्याला कारण काय? मी कारणं सांगितली. तिने एकेक खोडून काढली. माझा आवाज चढला, तिचाही चढला. भाजी गार झाली. नवरोबांना राहवेना, म्हणाले, सावत्र आई असेल.

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाणी प्यायला लागले.

‘शक्यच नाही, बाबा,’ मुंगी म्हणाली. ‘ती सारखी चिडत असते. चिडणारी माणसं खून करत नाहीत. त्यांचं सगळं तोंडावाटे निघून जातं.’

मी म्हटलं, हे अर्धसत्य आहे. ती बाई चिडते कारण त्या घरात तिला कुणी काही सांगत नाही. कुत्रं मेलं तेसुद्धा तिला शेजाऱ्यांकडून कळतं. मग माणूस चिडणार नाही तर काय करणार?

‘तिने विचारावं की,’ मुंगी म्हणाली. थोडा वेळ भात चिवडत बसली. मग म्हणाली, ‘मला दूध आवडत नाही. कधीच आवडलं नाही. मी झाडाला घालते.’

वर्षभर! खिडकीतलं झाड का सडलं ते आता कळलं. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणते, तुम्ही इतकं गरम करून आणता.

एका कादंबरीतल्या बाईची बाजू घेऊन मी एवढं का भांडले, मला कळत नाही. पण जेवण गेलं चांगलं.

क्लिप काढायला मी हात पुढे केला, तर तिने पुस्तक ओढून घेतलं आणि फ्रीजवर ठेवलं. आज नको, म्हणाली. मी आल्यावर.

१२ मे

मुंगी गेली. बॅग भलतीच मोठी नेली. चार दिवसांसाठी कुणी हिवाळी कोट नेतं का? नवरोबांना विचारलं, तर म्हणाले, विषय निघाला नाही.

१८ मे

चार दिवसांचे सहा झाले. मावशीचा फोन होता. कॉलेज छान आहे, ग्रंथालय तीन मजली आहे, पोरगी खूश आहे. मी ‘बरं’ म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी दूध तापवलंय आणि ते प्यायला कुणी नाही. असतानाही कुणी नव्हतं, पण ती गोष्ट वेगळी.

तिची खोली अंधारी. मला वाटत होतं तसंच वाटतंय. अगदी तसंच.

२१ मे

वाचनालयाच्या बाईंचा फोन. फळबागेचं पुस्तक परत करा, दुसऱ्या वाचकाला हवं आहे. मी म्हटलं, वाचून झालेलं नाही, दोनशे दहाव्या पानावर आहे. त्या म्हणाल्या, साठच पानं राहिली असतील, आज बसून संपवा. मी म्हटलं, संपवता येत नाही, घरातलं माणूस बाहेरगावी आहे.

‘मग ते येणार कधी?’

मी म्हटलं, येईल. ‘कधी’ ते सांगता आलं नाही. मग उगाचच त्यांच्यावर ओरडले की तुमच्या पुस्तकांना जरा धीर धरायला शिकवा. त्यांनी मुदत वाढवून दिली. भली बाई आहे.

२४ मे

मुंगीचा फोन आला, माझ्या फोनवर. बाबांचा लागत नसेल.

पहिलं वाक्य काय? ‘काकू, तू पुढचं वाचलंस.’ नमस्कार नाही, कशी आहेस नाही, थेट आरोप! मी म्हटलं, नाही वाचलं. ती म्हणाली, खरं सांग. मी म्हटलं, सोळा दिवस डॉक्टर ओल्या बुटांनी तळघरात उभा आहे, त्याला न्यूमोनिया व्हायची वेळ आली, पण मी क्लिपेला हात लावलेला नाही, आणि माझ्यावर विश्वास नसेल तर येऊन बघ.

‘शनिवारी येते,’ म्हणाली.

मी विचारलं, आणि कॉलेज? ती म्हणाली, इथे नाही घेत, घराजवळचंच घेते. मग आवाज बारीक करून म्हणाली, ‘मावशी चांगली आहे. पण ती शेवटचं पान आधी वाचते आणि मग सांगत सुटते. असल्या माणसाबरोबर दोन वर्षं कशी काढायची?’

हे कारण मला मुळीच पटलेलं नाही. शिक्षणाचे निर्णय असे घेतात का? तीन मजली ग्रंथालय सोडून यायचं, तेही मावशीच्या एका खोडीपायी! समोर असती तर चार शब्द सुनावले असते. फोनवर मात्र नुसतं ‘ये’ म्हटलं, आणि मग चष्मा पुसत बसले.

पुस्तक फ्रीजवर आहे. क्लिप जागची हललेली नाही. खुनी माळीच आहे, आणि सावत्र आई निघाली तर त्या लेखकाची मी अशी कानउघाडणी करीन की तो पुन्हा पेन हातात धरणार नाही. हे मुंगीला नंतर कळवलं, तर म्हणाली, आपण दोघी मिळून करू.